मम्मातची थंड खोली

हादूमला किफच्या, म्हणजे गांजाच्या, वासाची शिसारी होती, आणि तिचा सगळा संसार झाला तो किफवाल्याच्या घरात.

ती मूळची खाली समुद्रकाठच्या जेब्हाची. बाप मच्छीमार, भाऊ मच्छीमार. लग्न होऊन आमच्या डोंगरात आली तेव्हा पहिल्याच जेवणाला डोक्यावरच्या फडक्याचं टोक नाकाला लावून बसली. बायका हसल्या. माझी सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सार्डिनच्या टोपलीत जन्मली, आणि हिला आमच्या घराचा वास येतोय." नवी नवरी मान खाली घालून म्हणाली, "मासळीचा वास धुतला की जातो." त्यानंतर बरीच वर्षं लोक तिला शिष्ट म्हणत.

मी रहिमो, तिची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. किफ आम्हीही पिकवतो. या उतारावर बार्ली लावली तर कोंबड्यांचंही पोट भरत नाही, म्हणून सगळेच गांजा लावतात. तेव्हा मी काही सोवळी नाही. पण किळस यायला सोवळं असावं लागत नाही, डोळे आणि नाक असलं की पुरतं.

कापणीच्या दिवसांत हाताला काळा चीक बसतो. साबणाने जात नाही. ऑलिव्हचं तेल चोळायचं, वर राख चोळायची, तरी नखांत उरतोच. त्याच हातांनी पीठ मळायचं. भाकरी मोडली की आत करड्या रेघा दिसतात. मग थंडी कडक पडली, दहिवर गोठायला लागलं, की चाळणी सुरू. तपेल्यावर तलम कापड ताणायचं, त्यावर वाळलेले शेंडे, वरून प्लास्टिक, आणि मग दोन काठ्यांनी बडवत बसायचं. थंडीतच करायचं, कारण उन्हाळ्यात चीक कापडालाच चिकटतो, भुकटी खाली पडत नाही. घरभर पिवळा धुरळा. नाकं गळतात, घसे खरवडतात, आणि अंगणात जो तो हिरवट थुंकत असतो. हादूम त्या थुंक्यांवर माती टाकत फिरायची.

तिचा नवरा बूजमा. त्याच्याबद्दल गावात कुणी वाईट बोलणार नाही. पीत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता, दोन मुली चांगल्या घरी तांजेरला दिल्या. मी एवढंच म्हणेन की त्याच्या मिशांवर थंडीभर ती भुकटी बसलेली असायची आणि तो ती जिभेने चाटायचा. हादूम मला एकदा झऱ्यावर कपडे बडवताना म्हणाली, "तो कुशीला आला ना, की मी तोंडाने श्वास घेते." मग स्वतःच ओशाळली आणि जोरजोरात कपडे पिळायला लागली.

पूर्वी आम्ही सगळे पीक गच्चीवर पसरायचो. ऑगस्टचं ऊन, वारा, चार दिवसांत कडकडीत. मग कोपऱ्यात रचायचं आणि थंडीची वाट बघायची. माल कसा होतो, रंग कसा येतो, याची कुणाला फारशी पडलेली नव्हती. पुढे बाहेरचं बियाणं आलं. रोपं बुटकी, शेंडे मुठीएवढे, पाणी पिणार म्हशीसारखं. आणि त्याच्याबरोबर तेतुआनचा व्यापारी सी लार्बी येऊ लागला. गोरापान, बोटं बाईसारखी, कपड्यांना अत्तर. त्याने गच्चीवरचं पीक बघितलं आणि चुकचुकला. बूजमाला त्याने समजावलं की ऊन मालातला जोर खातं. उजेड खातो, उष्णता खाते, उघडी हवाही खाते. ओल राहिली तर बुरशी धरते आणि फार सुकवलं तर चुरा होतो. माल टांगायचा अंधारात, थंडाव्यात, हवा हळूहळू फिरेल असा. काडी वाकते तोवर थांबायचं, कट्‌कन मोडली की उतरवायचा. मग बरण्यांत भरायचा आणि लोणच्यासारखा मुरू द्यायचा. रोज झाकण थोडं उघडायचं, आतला दमट श्वास बाहेर सोडायचा, पुन्हा लावायचं. असा माल आणलास तर भाव वेगळा, असं तो म्हणाला.

बूजमाच्या घरात अंधार आणि थंडावा असलेली जागा एकच. मागची खोली. ती अर्धी डोंगरात कोरलेली, भिंती हातभर जाड, ऊन म्हणून कधी शिवत नाही. ती त्याच्या आईची खोली. लल्ला मम्मात लग्न होऊन आली ती त्या खोलीत, तिची बाळंतपणं झाली ती त्या खोलीत. भिंतीतल्या कोनाड्यांत ती सुकी अंजिरं ठेवायची. ऑगस्टात दुपारी आम्ही शेजारच्या बायका तिच्याकडे जाऊन त्या जमिनीवर आडव्या व्हायचो, आणि ती एकेकीच्या हातावर अंजीर ठेवायची.

बूजमाने आईला सांगितलं, थोडे दिवस वर गच्चीवरच्या खोलीत झोप. वरची खोली पत्र्याची. म्हातारीने गादी गुंडाळली आणि गेली. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. एक पीक उतरलं की बरण्या असायच्या, बरण्या गेल्या की पुढचं पीक.

खोलीची खिडकी त्याने घोंगडीने बुजवली. छताला दोऱ्या बांधल्या. कोपऱ्यांत चुन्याच्या पराती ठेवल्या, हवेतली ओल ओढायला. अंजिरांच्या कोनाड्यांत बरण्या बसल्या. आत जाताना तो चपला काढायचा. मशिदीत आणि तिथे, दोनच ठिकाणी. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज यायचा. एकेका फांदीशी बोलायचा. "झालं, झालं. अजून थोडं. घाई नको." हादूम चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा मी सहज तिच्याकडे बघितलं तर तिने चेहरा असा केला होता, जसा आपण उकडलेल्या अंड्यात पिल्लू निघालं की करतो.

मग ते वर्ष आलं. वसंतात म्हातारी जिन्यावरून पडली आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी वय बघून हात टेकले. ती त्या पत्र्याच्या खोलीत खाटेला खिळली. तोवर निभलं. ऑगस्टात शर्गी सुटला, पूर्वेचा तो भाजणारा वारा, आणि पत्रा तव्यासारखा तापायला लागला. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. हादूम दिवसातून कितीदा तरी पाणी घेऊन वर चढायची, तिला पुसायची, कूस बदलायची. माश्या हाकलल्या तरी जात नव्हत्या. जखमेच्या कडांवर बसायच्या, मग तोंडावर बसायच्या. मी मदतीला जायची तेव्हा खोटं कशाला सांगू, दाराशीच फडकं नाकाला लावायची. हादूम लावत नव्हती. ती म्हणायची, "हा माणसाचा वास आहे, रहिमो. याची काय किळस?"

म्हातारी एकच मागत होती. मला माझ्या खोलीत न्या.

हादूमने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आत्ताच माल टांगलाय, काड्या अजून वाकतायत, माणूस आत निजलं की त्याच्या श्वासाने, घामाने ओल वाढते. बुरशी लागली तर सगळं गेलं. थोडं थांबू दे आईला. हादूमने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी तो कंटाळून म्हणाला, बरं, फक्त दुपारपुरती ने.

मी आणि हादूमने म्हातारीला चादरीत घालून खाली आणलं. दोऱ्यांच्या खाली, शेंडे तोंडावर लोंबत होते तिथे, गादी घातली. ती डोळे मिटून पडली. तासाभरात तिचा श्वास संथ झाला. हादूम भिंतीला टेकून बसली होती, नाकाला फडकं लावून, आणि सासूच्या पायांना हात लावून बघत होती की गार झाले का.

बूजमा शेतावरून आला. चपला काढून आत शिरला. आईकडे वळायच्या आधी त्याने एक फांदी धरून वाकवली. मग नाक मुरडलं. म्हातारीने कपड्यात लघवी केली होती. परवश माणूस, करणारच.

"उचल तिला," तो म्हणाला.

"झोपली आहे. आत्ताच डोळा लागलाय," हादूम म्हणाली.

"मुताचा वास मालात बसेल. एकदा बसला की जात नाही. लार्बीला पहिल्या हुंगण्यात कळेल."

आणि त्याने स्वतःच आईला उचललं. गोणी उचलतात तसं, पोटाशी हात घालून. तोंड एका बाजूला वळवलेलं, वास येऊ नये म्हणून. म्हातारी दुखण्याने कण्हली. तो जिना चढून तिला वर ठेवून आला, आणि परत येऊन गुडघ्यांवर बसून ती निजली होती तिथली जमीन चुन्याने घासायला लागला. मी दारात उभी होते. आयुष्यात मी पुष्कळ घाण बघितली आहे, मेलेली खेचरं बघितली आहेत, पण त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. पुढ्यात बिसारा होता, वाटाण्याची ती घट्ट पिवळी पेज, वर तेल सोडलेलं. मी ताट सरकवलं.

हादूम ओकली. अंगणातल्या अंजिराखाली जाऊन ओकली, तोंड धुतलं, आणि पाण्याचं भांडं घेऊन वर गेली.

बाजाराच्या दिवशी बूजमा सकाळीच इस्सागेनला गेला. सी लार्बीला घेऊनच येणार होता, माल दाखवायला. त्याची गाडी वळणाआड गेली, आणि थोड्या वेळाने हादूमने भिंतीपलीकडून मला हाक मारली. मी गेले तर खोलीचं दार सताड उघडं, खिडकीवरची घोंगडी खाली, आणि ती विळ्याने दोऱ्या कापत होती.

मी म्हणाले, अगं, तुझं डोकं फिरलंय का? ती म्हणाली, "फिरलं असतं तर पेटवून दिलं असतं. मी फक्त गच्चीवर पसरतेय. आपण आधी पसरत नव्हतो का?"

मी बाह्या वर केल्या आणि मोळ्या उचलायला लागले. माझा नवरा कुंपणापाशी आला, बघितलं, आणि परत घरात गेला. आम्ही दोघींनी सगळा माल वर नेला आणि भर उन्हात, त्या शर्गीत, पसरला. पत्र्याच्या खोलीभोवती चारी बाजूंनी. आधीच्या मालाच्या बरण्याही वर नेल्या, झाकणं काढून पालथ्या केल्या. हात कोपरापर्यंत चिकट झाले. ऊन लागताच त्या शेंड्यांना असा उग्र वास सुटला की शेजारच्या वाडीतून कुणीतरी ओरडून विचारलं, काय चाललंय. दुपार कलेपर्यंत हिरवा रंग उडाला. हातात घेतलं की करकर वाजत होतं आणि चुरा वाऱ्याबरोबर दरीत जात होता.

मग आम्ही म्हातारीला खाली नेलं. हादूमने खोली आधीच व्हिनेगरने पुसून काढली होती, दाराशी थाइमच्या सुवासिक काड्या जाळल्या होत्या. धुतलेल्या चादरीवर म्हातारीला ठेवलं. तिने डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग कोनाड्यांकडे.

"ही कुणाची खोली?" तिने विचारलं.

"तुमचीच, लल्ला."

म्हातारीने नाकाने दोनदा श्वास ओढला. हळूच डोकं हलवलं. "नाही गं बाई. माझ्या खोलीला अंजिरांचा वास होता. इथं कुणीतरी काहीतरी सडवलंय."

हादूम तिथेच जमिनीवर बसली. इतकं सगळं करताना रडली नव्हती, आता रडली. भिंतींनी तो वास पिऊन घेतला होता. तो व्हिनेगरने जाणार नव्हता आणि थाइमनेही नाही. मी धावत घरी गेले, आमच्या डब्यात मागच्या वर्षीची अंजिरं होती ती आणली आणि म्हातारीच्या उशापाशी ठेवली. तिने एक हातात धरलं. खाल्लं नाही, नुसतं धरलं. पण खोली गार होती, आणि ती झोपली.

ऊन उतरता उतरता गाडी आली. सी लार्बी पुढे, बूजमा त्याच्या मागे हसत. खाली गाडीपाशीच वास आला असणार, कारण बूजमाचं हसू जागच्या जागी थांबलं. तो जिन्याने पळत वर गेला. लार्बी सावकाश गेला. त्याने एक शेंडा उचलला, बोटांत चोळला, हुंगला, आणि रुमाल काढून बोटं पुसली.

"हे गवत आहे," तो म्हणाला. "शेळीला घाल." आणि खाली उतरून, चहाला न थांबता, गाडीत जाऊन बसला.

बूजमा खाली आला तेव्हा आम्ही दोघी खोलीच्या दारात होतो. मला वाटलं आज हा हात उचलणार, आणि मी पाण्याची कळशी हातात धरून ठेवली होती. त्याने हात उचलला नाही. हादूम त्याला म्हणाली, "आई आत झोपली आहे. हळू बोल."

त्याने आत बघितलं. खाली चादरीवर आई होती, पण त्याची नजर तिच्यावरून गेली आणि छताला लोंबणाऱ्या तुकड्यांवर थांबली.

"दोऱ्या कशाला कापल्यास?" तो म्हणाला. "दोऱ्या तरी ठेवायच्या होत्यास."

हादूमने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उतार असतो. गटारात पाय पडला की माणूस आपल्या पायाकडे बघतं, तसं ती एकदा नवऱ्याकडे बघून आत गेली.

म्हातारी त्या खोलीत ऑलिव्हची झोडणी सुरू होईपर्यंत जगली. पाठीच्या जखमा पुष्कळ सुकल्या. बूजमा दारातून विचारपूस करायचा, आत यायचा नाही. गच्चीवरचं गवत त्याने एका फाटक्या दलालाला दिलं. तो त्यात मेहंदी आणि मेण मिसळून वड्या थापतो आणि शहरातल्या पोरांना विकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वड्या थापताना तो त्यावर थुंकतो, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पोरं ते ओढतात. असो.

म्हातारीला आम्ही बायकांनी त्याच खोलीत न्हाऊ घातलं. कापूर घातलेलं पाणी तिच्या केसांवरून ओतत होतो आणि कापराच्या आडून तो चिकट वास येतच होता. तिच्या केसांत, उशीत, सगळीकडे. हादूम तोंड मिटून न्हाऊ घालत राहिली, पुन्हा पुन्हा पाणी मागत राहिली, इतकं की मोठ्या बायका म्हणाल्या, पुरे आता, स्वच्छ झाली.

म्हातारीचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज आला. उशिराचं पीक अजून वाफ्यात उभं होतं, आणि बूजमा छताला खिळे ठोकत होता. नव्या दोऱ्यांसाठी. मी ऐकलं, हादूमनेही ऐकलं. तिने ना भांडण केलं ना आदळआपट. चाळिसाव्याचं जेवण रांधलं, सगळ्यांना वाढलं, भांडी घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी जेब्हाच्या गाडीत बसली. बरोबर नेलेले कपडेही तिने वाटेतल्या ओढ्यात आधी धुतले, असं गाडीवाल्याने मला सांगितलं.

बूजमा तिला आणायला गेला, रिवाजाप्रमाणे साखरेचे दोन सुळके घेऊन. मेव्हण्याने बसवलं, चहा दिला. हादूम समोर आली. बूजमाने तिला सांगितलं की लोक हसतायत, मुली फोनवर रडतायत, आणि आता माल दुसरीकडे ठेवायचा विचार करतोय. तिने विचारलं, खोली आज रिकामी आहे का? तो म्हणाला, एवढा हंगाम निघू दे.

"मग हंगामाशीच संसार कर," ती म्हणाली आणि चहाचा ट्रे उचलून आत गेली.

मुली तिच्या बाजूने नाहीत. धाकटी तर म्हणते, आईला आधीपासूनच आमच्या गावाची घाण वाटायची, आजीचं निमित्त झालं. मला वाटतं यात थोडं खरं आहे, आणि त्याने काही बिघडत नाही. ती भावाच्या घरी राहते, त्याच्या बायकोबरोबर बंदरावर जाळी विणते. मी वर्षातून एकदा जाते. जाताना घरातले कपडे नाही, लग्नाचे ठेवणीतले कपडे घालून जाते, तरी दारात तिचं नाक जरासं आक्रसतं. ती ते लपवायचा प्रयत्न करते. आम्ही बाहेर दगडावर बसतो, वाऱ्यात.

बूजमाचं चांगलं चाललंय. आता सरकारी परवान्याची सहकारी संस्था झाली आहे, औषधासाठी माल घेतात, आणि तो तिचा सभासद आहे. त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र आहे, भिंतीवर हवेतली ओल मोजायचा काटा आहे. लांबून माणसं बघायला येतात. तो चपला काढायला लावतो, हळू आवाजात सगळं समजावतो, आणि ते मान डोलावतात. परवा एकाने माझ्यासमोर त्याची पाठ थोपटली. म्हणाला, वस्तू जपावी तर अशी.

मी उभी होते शेजारीच. मी खाली बघून थुंकले आणि घरात आले.